नाल्यातला साग वर कसा काढायचा? धार-देवासच्या उतारांवर विंच निवडताना

मे-जूनच्या वादळात बांधावरचा साग मुळासकट कोसळतो आणि नेमका शेताच्या बाजूला न पडता नाल्याच्या बाजूला पडतो. धार आणि देवास जिल्ह्यांच्या दक्षिण भागात ही गोष्ट नवीन नाही. माळव्याचं पठार इथे संपतं आणि विंध्याचा कडा नर्मदेच्या खोऱ्याकडे उतरतो. धारमध्ये नालछा, मांडव आणि खाली धरमपुरी, देवासमध्ये बागली, पुंजापुरा, उदयनगर, पुढे कन्नौद. या सगळ्या पट्ट्यात शेत वर सपाटीला आणि त्याची कड थेट खोल नाल्यात, असा प्रकार जागोजाग दिसतो. ट्रॅक्टर कडेपर्यंत येतो. त्याच्या पुढे माणूसच जातो, तोही झुडपं धरत.

लाकूड घेणारा व्यापारी काठावर उभा राहून खाली बघतो आणि एवढंच म्हणतो, "निकलेगा नहीं." या दोन शब्दांत सौदा अर्धा होऊन जातो. कारण लाकूड जागेवर कितीही चांगलं असलं, तरी ते रस्त्यावर आल्याशिवाय त्याला भाव नाही. ओढून काढण्याचा खर्च आणि जोखीम व्यापारी आपल्या अंगावर घेतो आणि त्याची किंमत स्वतःच ठरवतो. मालकाच्या हातात ओढायची सोय असेल, तर तोच सौदा वेगळ्या आकड्यावर सुरू होतो.

पूर्वी या कामाला बैलजोडी होती. गडचिरोलीच्या कमलापूरला वनविभागाचे हत्ती आहेत, त्यांचं मूळ कामही आलापल्लीच्या जंगलातला साग ओढण्याचंच. धार-देवासच्या शेतकऱ्याला हत्ती कधी मिळाला नाही आणि लाकूड ओढायची सवय असलेली बैलजोडी आता गावात शोधावी लागते. म्हणून इंदूरच्या सियागंजात जाऊन "एखादी विंच दाखवा" म्हणणारे वाढले आहेत. दुकानदार विचारतो, "किती टनाची?" आणि खरेदी तिथेच चुकायला लागते. टन हा आकडा सगळ्यात शेवटी येतो. त्याच्या आधी ओंडक्याचं वजन, उतार, दोर आणि दोर बांधायचं झाड, एवढ्या गोष्टींचा हिशेब व्हावा लागतो.

डेपोचा हिशेब आणि खरं वजन

लाकडाच्या व्यवहारात घनफळ काढायची जुनी रीत आहे. ओंडक्याच्या मधोमध घेर मोजायचा, त्याचे चार भाग करायचे, एका भागाचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं. चार मीटर लांब आणि १२० सेंटिमीटर घेराचा ओंडका घ्या. घेराचा चौथा हिस्सा ३० सेंटिमीटर. ०.३० गुणिले ०.३० गुणिले ४, म्हणजे ०.३६ घनमीटर. कागदावर हेच येतं.

पण हे विक्रीचं माप आहे. कापणीत जाणारी घट धरून ते मुद्दाम कमी ठेवलेलं असतं. त्याच ओंडक्याचं गोल धरून खरं घनफळ काढलं, तर ते सुमारे ०.४६ घनमीटर भरतं. चौथ्या हिश्श्याच्या हिशेबाने खऱ्या घनफळाचे जेमतेम ७८ टक्केच दिसतात. विकताना ही रीत दोन्ही बाजूंना मान्य असते. पण त्याच कागदावरून वजन काढून विंच घेतली, तर दर ओंडक्यामागे पाचव्या हिश्श्याहून जास्त वजन हिशेबात येतच नाही. दोराला मात्र ते सगळंच ओढावं लागतं.

ताजा तोडलेला साग पाण्याने भरलेला असतो. त्याचं वजन घनमीटरला हजार किलोच्या जवळपास धरून चालणं सुरक्षित. म्हणजे वरचा ओंडका ४६० किलोचा. तोच नीट वाळला, तर सागाचं वजन घनमीटरला साडेसहाशे-सातशे किलोवर येतं आणि ओंडका ३००-३२० किलोचा उरतो. ब्रह्मदेशात इंग्रजांच्या काळात साग उभा असतानाच बुंध्याभोवतीची साल आणि रसकाष्ठ कापून तो वाळवत आणि मग तोडत, कारण हिरवा साग नदीत नीट तरंगत नसे. शेतकऱ्याला एवढं करायची गरज नाही. पण लाकूड चोरीला जाण्याची भीती नसेल आणि परवानगीची मुदत पुरत असेल, तर काही महिने थांबणं हीच सगळ्यात स्वस्त विंच आहे.

सागाचा हिशेब दुसऱ्या झाडांना लावू नये. महाराष्ट्रातला ऐन इकडे 'साजा' म्हणून ओळखला जातो, तो सागाहून जड. धावडाही जड. निमाड आणि खानदेशातला अंजन तर भारतातल्या सर्वांत जड लाकडांपैकी एक. त्यामुळे शिरपूर, यावल किंवा अक्राणीच्या सातपुड्यातल्या वाचकांनी इथले सागाचे आकडे तसेच्या तसे उचलू नयेत. वजन आपल्या झाडाप्रमाणे वाढवून घ्यावं.

वजन एक, ओढ वेगळी

४६० किलोचा ओंडका ओढायला ४६० किलोचीच ताकद लागते असं नाही. सपाट, कोरड्या मातीवर तो घासत ओढला, तर साधारण वजनाच्या साठ टक्के ओढ लागते, म्हणजे पावणेतीनशे किलो. चढ आला की त्यात उताराचा हिस्सा मिळतो. २० अंशांच्या चढावर हीच ओढ ४१५-४२० किलोपर्यंत जाते आणि ३० अंशांवर जवळजवळ ओंडक्याच्या वजनाइतकी होते. २० अंशांचा चढ म्हणजे किती? शंभर पावलं आडवं चाललं की ३६ पावलं उंची. नाल्याच्या कडा अनेक ठिकाणी याहूनही उभ्या असतात.

हे सगळं ओंडका सुरळीत सरकत असताना. प्रत्यक्षात त्याचं टोक मातीत रुततं, खुंटाला अडतं, नाहीतर काळ्या खडकाच्या पायरीखाली जाऊन बसतं. त्या क्षणी ओढ दुप्पट होते, कधी त्याहून जास्त. म्हणून व्यवहारात एक सोपा नियम पुरतो. सगळ्यात जड ओंडक्याच्या वजनाच्या दुप्पट ओढ हाताशी असावी. ती यंत्राची असो, कप्पीने वाढवलेली असो.

टोक रुतू नये याचा उपाय कुऱ्हाडीनेच होतो. ओंडक्याचं पुढचं टोक चारी बाजूंनी तासून होडीच्या नाकासारखं करायचं. परदेशात यासाठी प्लास्टिकचे शंकूच्या आकाराचे टोप मिळतात. इथे जुन्या प्लास्टिकच्या ड्रमचा अर्धा भाग कापून, त्याला मधोमध भोक पाडून दोर ओवला, तर तेच काम होतं. लाकडाची चार बोटं वाया जातील, पण दोर आणि माणूस दोन्ही वाचतील.

दुसरा उपाय कप्पीचा. बाजूने उघडणारी कप्पी मिळते, तिला दुकानात स्नॅच ब्लॉक म्हणतात. ही कप्पी ओंडक्याला बांधायची, विंचचा दोर तिच्यातून फिरवायचा आणि दोराचं टोक वरच्या झाडाला परत आणून बांधायचं. यंत्रावरची ओढ जवळजवळ निम्मी होते. घर्षणात थोडी जाते, वेग निम्मा होतो आणि दोर दुप्पट लागतो. विहिरीवरची यारी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे नवीन नाही.

मात्र कप्पी कुठे बांधली, यावर सगळं आहे. तीच कप्पी ओंडक्याऐवजी झाडाला बांधून दोराची फक्त दिशा बदलली, तर ताकद एका किलोनेही वाढत नाही. उलट दोर पूर्ण मागे वळला, तर त्या झाडावर ओढीच्या दुप्पट भार येतो. काटकोनात वळला, तर सुमारे १.४ पट. विंचवर ५०० किलोची ओढ आणि कप्पीच्या झाडावर एक टन, हे डोळ्यांना दिसत नाही. ते झाड उपटलं की कळतं.

बाजारात काय मिळतं

गावात आधीपासून असते ती चेन कुप्पी. ती सरळ वर उचलायला चांगली. मोटर बाहेर काढायची, इंजिन उतरवायचं, अशा कामांची. जमिनीवरून ओढायला ती घेऊ नये. साखळी मातीने भरते आणि एका खेपेला तीन-चार मीटरच्या पुढे ती जात नाही.

या कामाचं खरं हातयंत्र म्हणजे टर्फर. वीज आणि टॉवर उभारणारे मिस्त्री त्याला याच नावाने ओळखतात. लोखंडी पेटीत दोन जबडे असतात, लांब दांडा पुढे-मागे केला की जबडे आळीपाळीने तारेचा दोर पकडून सरकवतात. ८००, १६०० आणि ३२०० किलो ही त्याची प्रचलित मापं. १६०० किलोचं यंत्र साधारण १८-२० किलोचं असतं. एक माणूस ते खांद्यावर टाकून नाल्यात उतरू शकतो. यात पेट्रोल नाही, गिअर नाही, आवाज नाही. गावातला लोहार उघडून साफ करू शकेल एवढी साधी रचना.

टर्फरचा दोष वेगाचा. दांड्याच्या एका पुढे-मागे हालचालीत दोर पाच-सहा सेंटिमीटर सरकतो. ३० मीटर ओढायचं, तर पाचशे-साडेपाचशे वेळा दांडा हलवावा लागतो. कप्पी लावली, तर हजारावर. दोन माणसं आलटून पालटून लावली, तरी एका ओंडक्याला अर्धा-पाऊण तास सहज जातो. पण गुण असा, की त्याला उलटा दांडाही असतो. भार धरून ठेवता येतो, आणि हवा तेव्हा इंच-इंच करून खाली सोडताही येतो. घाटात वरचं लाकूड खालच्या वाटेवर उतरवायचं असेल, तेव्हा हीच गोष्ट उपयोगाची.

टर्फर घेताना एक गोष्ट तपासावी. त्याच्या दांड्याजवळ मऊ धातूची पिन असते. भार मर्यादेबाहेर गेला की ती तुटते आणि यंत्र वाचतं. गावात ती तुटली की खिळा ठोकतात. खिळा तुटत नाही, त्याच्याऐवजी दुसरं काहीतरी तुटतं. यंत्रासोबत सुट्या पिना मागून घ्याव्यात. दांड्याला पाइप लावून तो लांब करणंही त्याच जातीचं काम. आणि टर्फरला त्याच्याच मापाचा दोर हवा. १६०० किलोच्या यंत्राला सुमारे साडेअकरा मिलिमीटरचा. थोडा बारीक किंवा झिजलेला दोर जबड्यात घसरतो.

पेट्रोलवरची हलकी विंच हा तिसरा प्रकार. लाकडाच्या कामासाठी कॅनडातल्या क्वेबेकमध्ये तयार होणाऱ्या पोर्टेबल विंच कंपनीच्या यंत्रांचं नाव जगभर घेतलं जातं. त्यांचं पीसीडब्ल्यू ५००० हे मॉडेल होंडाच्या छोट्या फोर-स्ट्रोक इंजिनावर चालतं, वजन १६ किलो, ओढ १००० किलो, वेग मिनिटाला साधारण १२ मीटर. त्याहून छोटं पीसीडब्ल्यू ३००० साडेनऊ किलोचं आणि ७०० किलो ओढणारं. यांच्यात दोर गुंडाळून ठेवायचा ढोल नसतो. फिरत्या लाटेवर दोराचे तीन-चार वेढे घ्यायचे आणि मोकळं टोक हाताने ओढत राहायचं. वेढ्यांचं घर्षण बाकीचं काम करतं. तीन वेढ्यांत हाताची ओढ साधारण चाळीसपट होऊन दोराला मिळते. ढोल नसल्यामुळे दोर ५० मीटर असो की १०० मीटर, यंत्राला फरक पडत नाही, आणि शेवटपर्यंत ओढ तीच राहते.

म्हणजे टर्फरला जिथे अर्धा तास, तिथे हिला तीन मिनिटं. मग सगळ्यांनी हीच का घेऊ नये? पहिलं कारण पैशाचं, त्याचा हिशेब पुढे. दुसरं असं, की ही यंत्रं वर ओढण्यासाठी आहेत. भार आपोआप अडवायची सोय त्यांच्यात असते, पण जड ओंडका सावकाश खाली सोडायला ती वापरू नयेत. तिसरं कारण हंगामाचं. वणव्याचा काळ साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत. मोहाखालची पानं, वाळलेलं गवत आणि त्यात गरम सायलेन्सर, हे जमणारं नाही. इंजिनाखालची जागा खरडून साफ करायची, पेट्रोल दूर भरायचं, बाजूला पाण्याचा डबा ठेवायचा. दिवाळीनंतरचे तीन महिने या कामाला सगळ्यात बरे.

जीपच्या पुढे लावतात ती १२ व्होल्टची विंच ऑनलाइन स्वस्त दिसते. पेटीवर '९५००' असा मोठा आकडा असतो. तो किलोचा नसतो, पौंडांचा असतो. किलोमध्ये ते सुमारे ४३०० होतात. तोही आकडा ढोलावर दोराचा फक्त पहिला थर असतानाचा. जसजसे थर चढतात, तसतशी ओढ कमी होते. शिवाय बॅटरी नाल्यात कोण उतरवणार? गाडी जिथे जाते तिथे ही विंच ठीक. गाडी जात नाही तिथला प्रश्न तिच्याने सुटत नाही.

आणि ट्रॅक्टर. माळव्यात ट्रॅक्टर घरोघरी आहे, म्हणून पहिला विचार तोच येतो. काठावर ट्रॅक्टर उभा करून लांब दोराने ओढायचं. यात जीव गेल्याच्या गोष्टी कुठल्याही ट्रॅक्टरवाल्या गावात ऐकायला मिळतात. दोर मागच्या एक्सलच्या वर, वरच्या लिंकला बांधला आणि ओंडका अडला, तर मागची चाकं जागेवर राहून ट्रॅक्टरचं नाक वर उठतं आणि तो चालकावर उलटतो. चालकाला उडी मारायलाही वेळ मिळत नाही. ट्रॅक्टरनेच ओढायचं असेल, तर दोर खालच्या ड्रॉबारलाच. पीटीओवर चालणारी विंच बसवून ट्रॅक्टर उभा ठेवून ओढणं त्याहून चांगलं, पण ती वर्षभर काम असणाऱ्यालाच परवडते.

दोराचं वजन कोणी धरत नाही

विंच हलकी म्हणून घेतली आणि दोराने पाठ मोडली, असं होतं. साडेअकरा मिलिमीटरच्या तारेच्या दोराचं वजन मीटरला अर्ध्या किलोच्या आसपास. शंभर मीटर म्हणजे ५० किलो. बारा मिलिमीटरचा पॉलिएस्टर दोर शंभर मीटरला ११ किलोच्या आसपास. पायवाटेने दोन किलोमीटर चालायचं असेल, तर यंत्राच्या वजनाआधी हा फरक बघावा.

पण दोर म्हणून बाजारात दिसेल तो घेऊ नये. हाटात मिळणारा निळा-हिरवा स्वस्त दोर बहुतेक पॉलिप्रॉपिलीनचा असतो. फिरत्या लाटेवर तो घासून तापतो आणि सुमारे १६५ अंशांना वितळतो. पॉलिएस्टर २५० अंशांच्या वर टिकतो, म्हणून लाटेच्या विंचसाठी कमी ताणला जाणारा, दुहेरी विणीचा पॉलिएस्टर दोर घ्यावा. महागडा, डायनीमासारखा दोर ताकदीला पोलादाच्या तोडीचा असतो, पण उष्णतेत पॉलिप्रॉपिलीनपेक्षाही आधी हार मानतो. नायलॉन खूप ताणतो. ताणलेला नायलॉन तुटला की चाबकासारखा परत येतो.

तारेचा दोरही तुटल्यावर परत येतो. म्हणून ताणलेल्या दोराच्या रेषेत आणि वळणाच्या आतल्या बाजूला कोणी उभं राहू नये. पोरं तर नाहीच नाहीत. दोराच्या मध्यावर ओलं गोणपाट टाकून ठेवलं, तर तुटलेल्या दोराचा झटका बराच कमी होतो. ओंडका चढावर थांबला की लगेच मागे उटी लावायची, मग पुढचं बोलायचं. ओंडक्याच्या खालच्या बाजूला माणूस ठेवणं, पहार घेऊन 'जरा रेटा दे' म्हणणं, हे सगळ्यात घातक. गावात ते सर्रास होतं.

बांधायचं झाड

यंत्र दोन टनाचं आणि ते बांधलेलं झाड अर्ध्या टनात उपटणारं, तर ती विंच अर्ध्या टनाचीच. विंध्याच्या कड्यावर माती पातळ, खाली काळा बसाल्ट खडक. वरून भक्कम दिसणाऱ्या झाडाची मुळं पसरट आणि उथळ असू शकतात. दोर बुंध्याला अगदी जमिनीलगत बांधावा. दोन हात वर बांधला, तर त्या उंचीच्या तरफेने झाड उपटायला मदतच होते. एकावर भरवसा नसेल, तर मागच्या झाडाला दुसरा पट्टा नेऊन भार वाटून घ्यावा.

वाळलेलं झाड, कितीही जाड असो, बांधायला घेऊ नये. सलईचं लाकूड मऊ, तीही टाळावी. मांडवच्या परिसरात एक वेगळाच मोह होतो तो खुरासानी चिंचेचा. बुंधा एवढा जाड की त्याच्याकडे बघून कोणालाही वाटेल, याला काय होणार? पण आफ्रिकेतून आलेल्या या गोरखचिंचेचं लाकूड स्पंजासारखं मऊ आणि पाण्याने भरलेलं असतं. तारेचा दोर त्यात रुतत जातो. शिवाय शतकं जुनी ही झाडं मांडवची ओळख आहेत, चार ओंडक्यांसाठी त्यांची साल सोलायची गरज नाही.

जिवंत झाडाला तारेचा दोर कधीच थेट बांधू नये. चार बोटं रुंद पॉलिएस्टरचा पट्टा घ्यावा, त्यावर भाराची मर्यादा छापलेली असते. पट्टा आणि दोर यांच्यामध्ये शॅकल. मोहाच्या झाडाला बांधायचं असेल, तर आधी त्याच्या मालकाला विचारावं. दरवर्षी फुलं देणाऱ्या झाडाची साल सोलली, तर गावात भांडण ठरलेलंच.

घ्यायची की भाड्याने आणायची

आता पैसे. भारतीय बनावटीचं टर्फर-जातीचं यंत्र काही हजारांत मिळतं, आयात केलेली पेट्रोल विंच लाखाच्या वर जाते. किमती बदलत राहतात, म्हणून समजा टर्फर, दोर, कप्पी आणि पट्टे मिळून ३० हजार, आणि पेट्रोल विंच सगळ्या सरंजामासह अडीच लाख. दोन्ही पाच वर्षं चालतील असं धरलं, तर वर्षाचा बोजा ६ हजार आणि ५० हजार. वर्षाला सहा ओंडके निघत असतील, तर टर्फरचा खर्च ओंडक्यामागे एक हजार आणि पेट्रोल विंचचा आठ हजारांवर, पेट्रोल वेगळं. वर्षाला शंभर ओंडके असतील, तर पेट्रोल विंच ओंडक्यामागे पाचशेला येते आणि टर्फरवर मजुरीच जास्त जाते.

बांधावरचे दहा-वीस साग एवढाच मामला असेल, तर १६०० किलोचं टर्फर, दोन कप्प्या आणि तीन पट्टे, यापुढे जायचं कारण नाही. १२० सेंटिमीटर घेराचा ओंडका ते कप्पीविना ओढेल. १८० सेंटिमीटर घेराचा चार मीटरचा ओंडका टनाच्या वर भरतो, त्याला कप्पी लावावी, नाहीतर आरा घेऊन दोन तुकडे करावेत. तुकडे केले तर भाव कमी होतो, हे खरं. पण किती कमी होतो, ते व्यापाऱ्याला आधी विचारून घ्यावं. पेट्रोल विंच पाच-सात जणांनी मिळून घेतली किंवा भाड्याने देणारा कोणी एक उभा राहिला, तरच तिचा हिशेब बसतो. भाड्याने आणली, तर दोर स्वतःचा वापरावा. दुसऱ्याच्या दोराने आधी काय सोसलंय ते दिसत नाही.

आधी कागद, मग विंच

विंच विकत घेतली म्हणून लाकूड ओढायचा हक्क मिळत नाही. साग स्वतःच्या शेतातला असला, तरी मध्य प्रदेशात तोडायला परवानगी आणि हलवायला वाहतूक परवाना, ज्याला सगळे 'टीपी' म्हणतात, तो लागतो. खासगी जमिनीवरच्या झाडोऱ्यासाठी तिथे २००१ चा लोकवानिकी कायदा आहे, महाराष्ट्रात वृक्षतोडीसाठी १९६४ चा कायदा. दोन्हींची प्रक्रिया वेगळी आहे. शिरपूरला चालतं म्हणून बागलीत चालेल असं धरू नये. लाकूड राज्याबाहेर न्यायचं असेल, तर केंद्राची राष्ट्रीय ट्रान्झिट पास प्रणाली २९ डिसेंबर २०२३ पासून देशभर सुरू झाली आहे. तिच्यावर ऑनलाइन अर्ज करून एकच पास सीमेपलीकडे चालवता येतो.

नाल्याच्या बाबतीत एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. शेत खासगी असलं, तरी नाल्याचा उतार बऱ्याचदा वनजमिनीत असतो. झाड आपल्या बांधावरचं, पण पडलं वनहद्दीत, किंवा ओढायची वाट वनहद्दीतून जाते. अशा वेळी पटवारी आणि रेंज ऑफिस या दोघांना आधी कळवून पंचनामा करून घ्यावा. राखीव जंगलातलं वाऱ्याने पडलेलं झाडही सरकारचंच असतं. १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार वनगुन्ह्यात वापरलेली अवजारं आणि वाहनं जप्त होतात. परवानगीचा कागद घरी आणि विंच जंगलात, अशा स्थितीत रात्री गस्तीवाले भेटले, तर यंत्र रेंज ऑफिसच्या आवारात जाऊन पडतं आणि सोडवून आणेपर्यंत पावसाळा निघून जातो. कागदाची प्रत पट्ट्यांच्या पिशवीतच ठेवावी. काम दिवसाउजेडी करावं.

काम झालं की दोर धुऊन सावलीत वाळवावा आणि उंदरांपासून लांब, पत्र्याच्या डब्यात ठेवावा. पॉलिएस्टरचा दोर एका जागी कडक झालेला, चकाकणारा किंवा बोटाला चपटा लागला, तर तेवढा भाग कापून टाकायचा. तारेच्या दोराची तुटलेली एखादी तार गोणपाटाला अडकायला लागली की तो दोर ओढायच्या कामातून काढून कुंपणाला लावावा.